आधी चिंचोके, मग पाटी

(बालवाडीच्या शिक्षिका आणि पालक यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



घरी पाहुणे आले, चहा झाला, की पाच वर्षांच्या नातवाला बैठकीत बोलावले जाते. "काकांना एक ते शंभर म्हणून दाखव बरं." नातू हात मागे बांधून उभा राहतो आणि म्हणू लागतो. अठ्ठावीसनंतर क्षणभर अडखळतो. आईचे ओठ हलतात, 'एकोणतीस' सापडते आणि गाडी पुन्हा रुळावर येते. शंभर झाले की टाळ्या होतात, हातावर एखादी वडी पडते. मुलाचे गणित चांगले आहे, याबद्दल घरात कोणाला शंका उरत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा बालवाडीत ताईंसमोर बसतो. ताई चिंचोक्यांची परडी पुढे सरकवतात आणि म्हणतात, "मला यातले सात दे." मुलगा मूठ भरतो आणि ताईंच्या ओंजळीत रिकामी करतो. "हे सात आहेत?" "हो." "मोजू या का?" मुलगा बोट फिरवू लागतो. तोंडाने आकडे पुढे धावतात, बोट मागे रेंगाळते. एक चिंचोका दोनदा मोजला जातो, एक सुटतो आणि अकरा चिंचोके 'पंधरा' होऊन बसतात. "मग किती झाले?" असे विचारले की तो उत्तर देत नाही, पुन्हा 'एक, दोन, तीन' सुरू करतो.

यात मुलाचा काडीमात्र दोष नाही. त्याला जे शिकवले गेले ते त्याने चोख करून दाखवले. त्याला जे शिकवलेच गेले नाही, ते त्याला येत नाही, इतकेच.

म्हणणे आणि मोजणे

आकड्यांची नावे ओळीने म्हणणे हे मुख्यतः भाषेचे आणि स्मरणाचे काम आहे. मूल जसे बडबडगीत म्हणते, तसेच ते एक ते शंभर म्हणते. मोजणे ही याहून पुष्कळच गुंतागुंतीची क्रिया आहे. रोशेल गेल्मन आणि रँडी गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्याविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. मोजणाऱ्याला कोणकोणत्या गोष्टी उमजलेल्या असाव्या लागतात, ते त्यात त्यांनी वेगळे करून दाखवले. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा. आकड्यांचा क्रम दरवेळी तोच राहिला पाहिजे. शेवटी उच्चारलेला आकडा हा केवळ शेवटच्या वस्तूचा नसतो, तो साऱ्या समूहाचा असतो. चिंचोके मोजता येतात तशा टाळ्याही मोजता येतात आणि घरातली माणसेही. आणि मोजणे उजवीकडून सुरू केले काय किंवा डावीकडून, उत्तर तेच येते.

मोठ्या माणसांना या पाचही गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या शिकाव्या लागतात हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. वरच्या प्रसंगातील मुलाला यांपैकी फक्त एक गोष्ट येत होती, ती म्हणजे क्रम. पहिली आणि तिसरी गोष्ट त्याच्या हाताला अजून लागलेली नव्हती. 'किती?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पुन्हा पहिल्यापासून म्हणणे, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते.

ही बाब कौतुकाने हसून सोडून देण्यासारखी नाही. आकडा म्हणजे मोठ्यांना खूश करणारा शब्द, अशी समजूत घेऊन जे मूल पहिलीत जाते, त्याला बेरीज शिकताना धरायला काहीच नसते. शेजारच्या पाटीवर पाहणे, उत्तराचा अंदाज बांधणे, बाईंच्या चेहऱ्यावरून बरोबर की चूक ते ओळखणे, ही कौशल्ये ते मग आत्मसात करते. चौथी-पाचवीत 'याला गणित जमत नाही' असा शिक्का बसतो आणि शिकवणी लावली जाते. मूळ दुखणे मात्र बालवाडीतले असते.

परवचा आणि मापटे

येथे सभागृहातील ज्येष्ठ मंडळींच्या मनात एक प्रश्न साहजिकच उभा राहील. त्यांच्या लहानपणी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की परवचा म्हटला जाई. पाढे तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, दिडकीसुद्धा मुखोद्गत होती. ती सारी पाठांतरेच होती; मग त्या पिढीचे गणित कच्चे का राहिले नाही?

प्रश्न रास्त आहे. परंतु परवचा आठवताना दिवसाचे उरलेले तास विसरले जातात. ते मूल सकाळी खळ्यावर किंवा ओसरीवर धान्य मापताना पाहत असे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली होते, हे त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते. धान्य ओतताना ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असे. दुपारी सागरगोटे किंवा काचापाणी. अंगणात सात ठिकऱ्यांची लगोरी. पावसाळ्यात पडवीत चार कवड्यांचा डाव मांडला जाई, आणि पडलेल्या कवड्यांपैकी किती उताण्या, किती पालथ्या, हे एका नजरेत ओळखावे लागे. दुकानातून गूळ आणायला गेलेले मूल उरलेली नाणी मुठीत घट्ट धरून येई आणि आईपुढे मोजून ठेवी. संध्याकाळचा परवचा या दिवसभराच्या हाताळणीवर उभा होता. हातांना जे आधीच ठाऊक झाले होते, त्याला तो नाव आणि वेग देत होता.

आजच्या घरातून ही हाताळणी जवळजवळ नाहीशी झाली आहे. तांदूळ बंद पिशवीत येतो, दूध पिशवीत येते. २०१६ साली यूपीआय आले आणि पुढच्या काही वर्षांत सुट्टे पैसेही घरातून दिसेनासे झाले. भाजीवाल्याकडे फोन दाखवला जातो, 'टुंग' असा आवाज होतो आणि व्यवहार संपतो. सोय झाली हे खरेच आहे, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या चार वर्षांच्या मुलीला दहाच्या नोटेतून सात गेले की तीन परत येतात, हे पाहायला मिळत नाही. घराने जे सहज दिले असते, ते आता बालवाडीला ठरवून, मांडून द्यावे लागणार आहे. वस्तू गेल्या आणि परवचा तेवढा राहिला, अशी स्थिती झाली तर तो पोकळ परवचा ठरेल.

कोसबाडच्या टेकडीवरून

महाराष्ट्रातील बालवाडीताईंना यासाठी परक्या दारात जाण्याची आवश्यकता नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. तेथे १९२३ साली ताराबाई मोडक आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभले आणि अनुताई वाघ त्यात त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना याच कामातून रुजली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे तिच्या केंद्रांमुळे तो शब्द देशभर पोहोचला.

इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत 'बालगृह' काढले होते. त्यांची गणिताची साधने अतिशय विचारपूर्वक बनवलेली आहेत. पण ती सुबक लाकडी आणि महाग. वारली पाड्यावर ती कुठून आणणार? ताराबाई आणि अनुताई यांनी तत्त्व घेतले आणि साधने परिसरातून घेतली. खडे, बिया, शिंपले, पाने, काड्या. माँटेसरींच्या विचारांचे एवढे अस्सल देशीकरण क्वचितच झाले असेल, आणि तेही देशीकरणाचा कसलाही गाजावाजा न करता.

त्याच वाटेने जाणारी काही कामे येथे सविस्तर सांगावीशी आहेत.

पहिले काम मोजण्याच्याही आधीचे आहे. डबा खाण्याची वेळ झाली की ताईंनी स्वतः वाट्या मांडू नयेत. एका मुलीला वाट्यांची चळत द्यावी आणि सांगावे, "प्रत्येकापुढे एक वाटी ठेव." ती एकेक ठेवत जाते. शेवटी दोन मुले बिनवाटीची राहतात. "आता काय करायचं?" "अजून आणायच्या." "किती?" "दोन." येथे कुणी वीसपर्यंत मोजलेले नाही, तरीही 'पुरणे', 'कमी पडणे', 'उरणे' ही गणिताची पायाभूत भाषा त्या मुलीच्या हातून तयार झाली. हे रोज घडू शकते, त्याला वेगळा तास लागत नाही. चपलांच्या जोड्या लावणे, प्रत्येक फुलझाडाला एक तांब्या पाणी घालणे, ही याचीच भावंडे.

दुसरे काम वर्गवारीचे. एका ताटात चिंचोके, शिंपले, मोठी बटणे, बाटल्यांची झाकणे एकत्र करून द्यावीत आणि 'वेगळे कर' एवढेच सांगावे. कशावरून वेगळे करायचे, ते सांगू नये. कुणी रंगावरून करील, कुणी आकारावरून. एखादा मुलगा असे काही ढीग करतो की मोठ्यांना त्यातला नियम दिसतच नाही. त्याला विचारावे. "हे वाजतात, हे वाजत नाहीत," असे उत्तर आले, तर त्या दिवशीचे गणित उत्तम झाले असे समजावे.

येथे एक सावधगिरी सांगणे अत्यावश्यक आहे. गुंजा दिसायला मोहक असतात आणि पूर्वी सोनार त्यांनी सोने तोलीत, म्हणून साधनांच्या डब्यात त्या हौसेने ठेवल्या जातात. गुंजेचे बी विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या मुली पिढ्यान्‌पिढ्या खेळत आल्या, त्याही विषारीच. या दोन्ही गोष्टी लहान मुलांच्या वर्गात असूच नयेत. तीन वर्षांच्या मुलांना चिंचोकेही देऊ नयेत, कारण ते नाकात आणि घशात जातात. त्यांच्यासाठी करवंट्या, मोठी झाकणे, लाकडी ठोकळे बरे. मोठ्या गटाला चिंचोके देताना मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. हेही गणितच झाले.

तिसरे काम पाहण्याजोगे आहे. सहा चिंचोक्यांची एक ओळ मांडावी आणि तिच्यासमोर, अगदी जोडीने, सहा गजग्यांची दुसरी. "दोन्ही सारखे?" "सारखे." मग मुलाच्या डोळ्यांदेखत दुसरी ओळ लांबवावी. "आता?" चार-साडेचार वर्षांचे बहुतेक मूल ठामपणे सांगते की गजगे जास्त झाले. जिनिव्हाचे जाँ पियाजे यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा प्रयोगांची चर्चा केली आणि तेव्हापासून हा प्रयोग जगभर होत आला आहे. ताईंनी अशा वेळी 'चूक' म्हणू नये. तोंडाने सांगून हे पटत नाही. मुलाने पुन्हा एकास एक जोड्या लावाव्यात, पुन्हा लांबवाव्यात, पुन्हा जुळवाव्यात. काही महिन्यांनी तेच मूल ताईंकडे जरा दयेने पाहते आणि म्हणते, "ताई, तुम्ही नुसते सरकवलेत." हे वाक्य ज्या ताईंनी ऐकले असेल, त्यांना शिक्षकी पेशातला आनंद वेगळा सांगावा लागत नाही.

रिकामा खण

चौथे काम काड्यांच्या पेटीचे. माँटेसरींच्या साधनांपैकी हे बहुधा सर्वांत हुशार साधन आहे आणि ते जोड्यांच्या रिकाम्या खोक्यातून घरी बनते. पेटीला दहा खण करावेत आणि खणांवर ० ते ९ अंक लिहावेत. हिराच्या झाडूच्या एकसारख्या कापलेल्या ४५ काड्या द्याव्यात; टोके घासून गुळगुळीत करावीत. १ च्या खणात एक काडी, २ च्या खणात दोन, असे ९ पर्यंत. काड्या बरोबर ४५ का? कारण एक ते नऊची बेरीज तेवढी होते. मुलाने कुठे एक काडी जास्त टाकली तर शेवटच्या खणाला ती कमी पडते आणि चूक कोणी न दाखवता त्याची त्यालाच दिसते. ताईंना 'चुकलास' म्हणावे लागत नाही. काड्याच ते सांगतात. मूल मग एकेक खण उपसून पुन्हा मोजते. वरच्या प्रसंगातला तो मुलगा अशा पेटीपाशी पंधरा दिवस बसला, तर "सात दे" म्हटल्यावर तो काय करील? एकेक काडी ताईंच्या हातावर ठेवील, सातव्या काडीला थांबेल आणि "किती?" विचारल्यावर पुन्हा मोजणार नाही. "सात. आत्ताच तर मोजल्या ना!" असे किंचित वैतागून सांगेल. तो वैताग म्हणजे मोजण्याची तिसरी पायरी चढल्याची खूण आहे.

आणि शून्याचा खण? तो रिकामा राहतो. प्रत्येक मूल एकदा तरी तेथे एखादी काडी टाकायला जाते, थबकते, ताईंकडे पाहते. शून्याच्या शोधाचा उल्लेख व्याख्यानांतून नेहमी अभिमानाने होतो आणि तो अभिमान साधार आहे. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये शून्यासह आकडेमोड करण्याचे नियम लिहिले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इ.स. ८७६ च्या शिलालेखात शून्य कोरलेले आजही पाहता येते. परंतु चार वर्षांच्या मुलाला हा इतिहास सांगून शून्य कळत नाही. ज्या खणावर अंक आहे पण ज्यात काही ठेवायचे नाही, त्या खणाकडे पाहून ते कळते. मग ताईंनी खुशाल खेळ घ्यावा: "तीन उड्या मारा. दोन टाळ्या वाजवा. आता शून्य उड्या मारा." सारा वर्ग जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो आणि खुदखुदतो.

पाचव्या कामाला बांबूच्या कामट्या लागतात. १० सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत, प्रत्येक वेळी १० सेंटिमीटरने वाढणाऱ्या दहा कामट्या. एकूण साडेपाच मीटर बांबू पुरतो. दर १० सेंटिमीटरला गेरू आणि चुना आलटून पालटून लावावा. मुलांनी त्या लहान-मोठ्या क्रमाने लावल्या की जिना तयार होतो. मग मुलांना आपसूक सापडते की नऊच्या शेजारी एक ठेवली की दहाएवढी होते, आठच्या शेजारी दोन, सातच्या शेजारी तीन. पाच मात्र एकटीच उरते. तिला जोडीदार हवा तर दुसरी पाच लागते. बेरीज हा शब्द न उच्चारता दहाच्या साऱ्या जोड्या हाताखालून गेलेल्या असतात.

मापनासाठी वाटी, तांब्या, बादली आणि पाणी पुरेसे आहे. उंच निमुळत्या पेल्यातले पाणी पसरट वाटीत ओतले की कमी झाले का? पाणी सांडणार, फरशी ओली होणार. पुसण्याचे फडके आधीच देऊन ठेवावे. ठिपक्यांच्या रांगोळीत तीन ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. मुले ती बोटाने शिवत मोजतात. हेही करावे, पण रांगोळी सुंदर येण्याचा आग्रह धरू नये.

तेवीस, एकोणतीस आणि हातचा

मराठी मुलापुढे एक खास अडचण असते आणि तिची दखल घेतलीच पाहिजे. 'तेवीस' म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे, मग तीन. कानाला जे आधी आले ते हात आधी लिहितो आणि तेवीसचे ३२ होतात. पालक रागावतात, मुलाला कारण कळत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशा वाचनाचा समावेश झाला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद उठला, थट्टाही झाली. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मुलांची हीच अडचण पुढे मांडली होती. संख्यानावे बदलावीत असे अनेकांना वाटत नाही, आणि त्यांच्या भावनेत तथ्य आहे. पिढ्यांची भाषा सहज सोडू नये. पण अडचण खोटी ठरवून भाषेचे रक्षण होत नाही. तिच्यावर उपाय हवा, आणि तो काड्यांत आहे.

मोठ्या गटातील मुलांनी दहा-दहा काड्या मोजून रबर लावावे. हा झाला दशक, मुलांच्या भाषेत 'जुडी'. तेवीस म्हटले की दोन जुड्या डाव्या हाताला आणि तीन सुट्या काड्या उजव्या हाताला. तोंडाने 'ते-वीस' म्हणताना आधी सुट्या तीन काड्यांना हात लावायचा, मग जुड्यांना. कानाचा क्रम आणि डोळ्यांचा क्रम वेगळा आहे, हे मुलाला हातानेच समजते. लिहिण्याची पाळी पुढे येते तेव्हा जुड्यांच्या जागी २ आणि सुट्यांच्या जागी ३ जातात.

'एकोणतीस'ची गंमत याहून मोठी. ज्या शब्दाला नातू अडखळला होता, तो शब्दच स्वतःची कृती सांगतो: एक ऊन तीस, म्हणजे तिसाला एक कमी. मुलाने तीन जुड्या मांडाव्यात. मग एका जुडीचे रबर काढून त्यातली एक काडी शेजारच्या मित्राला द्यावी. उरले ते एकोणतीस. इंग्रजी शब्द विसाकडून मोजत येतो, मराठी शब्द तिसाकडे पाहतो. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सारी त्याच चालीची. नव्व्याण्णवला तेवढी ही शिस्त मोडते; 'एकोणशंभर' का नाही, असे एखाद्या चिकित्सक मुलाने विचारले तर त्याचे कौतुक करावे.

आणि पुढे पहिली-दुसरीत ज्याने मुलांची झोप उडते, तो 'हातचा'? आठ काड्या आणि पाच काड्या एकत्र केल्या, दहांची जुडी बांधली, ती हातात राहिली आणि तीन खाली राहिल्या. हातात राहिलेली जुडी म्हणजे हातचा एक. शब्द अक्षरशः खरा आहे. ज्याच्या हातात ती जुडी कधी नव्हतीच, त्याच्यासाठी तो केवळ डोक्यावर लिहिलेला लहानसा १ असतो.

बोटांवर मोजणाऱ्या मुलांना दटावण्याची पद्धतही थांबली पाहिजे. अंगठा फिरवीत चार बोटांची तीन-तीन पेरे मोजली की एका हातावर बारा होतात. कित्येक आज्या आजही असाच हिशेब करतात. बोटे ही देवाने दिलेली पहिली पाटी आहे. ती हिरावून घेण्याची घाई कशासाठी?

पालकांचा प्रश्न

"हे सारे ठीक, पण लिखाण कधी?" हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो. शेजारच्या शाळेतले मूल तीन वर्षांचे असतानाच वह्या भरते, या धास्तीपोटी येतो. ताई एकट्या पडतात. संचालकांना प्रवेशसंख्येची चिंता असते, पालकांना स्पर्धेची. या दोहोंमध्ये चिंचोक्यांची परडी कपाटात जाते आणि चौकटीची वही बाहेर येते. आज या सभागृहात बसलेल्या ताईंपैकी किती जणींनी मनाविरुद्ध ती वही काढली असेल, ते त्यांचे त्यांनाच माहीत.

पालकांनी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. लिहिण्यासाठी मनगट आणि बोटे तयार व्हावी लागतात. कणीक मळणे, काड्यांना रबर लावणे, धूळपाटीवर अंक गिरवणे यांनी ती होतात. माँटेसरींनी खरखरीत कागदाचे अंक बोटाने गिरवायला दिले. धूळपाटीचा गुण तोच. हात तयार झाला आणि संख्या कळली की पाच-साडेपाचच्या सुमारास लेखन झपाट्याने येते. शिवाय राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळातून शिकण्यावर भर दिला. २०२३ साली 'जादुई पिटारा' नावाने खेळण्यांची आणि साधनांची पेटीही काढण्यात आली. म्हणजे ताई जे सांगत होत्या, तेच आता शासनाच्या कागदावर आलेले आहे. कागदावरचे वर्गात उतरवायचे तर पालकांची साथ लागेल. पाचव्या वर्षी ॲबॅकसच्या वर्गाला घालणाऱ्या पालकांनी तेवढेच पैसे वाचवून मुलाला आठवड्यातून एकदा रोख पैसे घेऊन भाजीला न्यावे, ही सूचना कुणाला गावंढळ वाटेल. पण ती करून पाहावी.

ताईंच्या अडचणीही खऱ्या आहेत. तीस मुले, एक खोली, मदतीला एक मावशी. सर्वांना एकाच वेळी एकच काम देण्याचा हट्ट सोडला तर मार्ग निघतो. पाच आसनपट्ट्या, पाच कामे, सहा-सहा मुले. ताईंनी एका वेळी एकाच आसनपट्टीवर बसावे आणि बाकीच्यांना त्यांच्या हातांवर सोडावे. गलका होईल. तो कामाचा गलका आहे की भांडणाचा, हे आठवड्याभरात कानाला ओळखू येते. ताईंचा मुख्य प्रश्नही बदलावा लागेल. 'किती?' एवढ्यावर न थांबता 'तुला कसे कळले?' असे विचारावे, आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. हे गप्प बसणेच सर्वांत अवघड जाते.

महिन्यातून एका शनिवारी पालकांना तासभर वर्गात बोलवावे आणि वह्या न दाखवता कामे दाखवावीत. प्रत्येक वडिलांपुढे काड्यांची पेटी ठेवावी, पण त्यातली एक काडी आधीच काढून घेतलेली असावी. नऊच्या खणात आठच काड्या आल्यावर कोण काय करतो ते मुलांना पाहू द्यावे. आजोबांनी घरातले जुने मापटे, शेर, पितळी तराजू आणावा. माळ्यावर कुठेतरी असतोच. आणि चिंचोके दरवर्षी थोडे थोडे हरवतात, किडतात, खिशातून घरी जातात. चिंचेचा हंगाम फेब्रुवारीपासून सुरू होतो. घरी चिंच फोडली की चिंचोके धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावेत, भोके पडलेले काढून टाकावेत आणि डब्यात भरून नातवाच्या हाती बालवाडीत पाठवावेत. किती पाठवले, ते त्यालाच मोजायला सांगावे.